नाव यादीत आहे का? नागपूरच्या मतदारासाठी तपासणीपासून शाईपर्यंतची कामं

मतदानाच्या दिवशी नागपुरातल्या कुठल्याही शाळेच्या फाटकाबाहेर दुपारी थोडा वेळ थांबा. हातात ओळखपत्र घेऊन या टेबलावरून त्या टेबलावर फिरणारी चार-दोन माणसं हमखास दिसतात. "कार्ड आहे ना जी माझ्याजवळ, मंग नाव कसं नाही म्हणता?" त्यांचा राग खरा असतो, पण तोवर वेळ गेलेली असते. चूक त्या दिवशी झालेलीच नसते. ती कित्येक महिने आधी, घर बदललं तेव्हा किंवा चुकीचा फॉर्म भरला तेव्हा झालेली असते.

१९ एप्रिल २०२४ ला नागपूर लोकसभा मतदारसंघात सुमारे ५४ टक्के मतदान झालं. त्याच दिवशी गडचिरोली-चिमूरमध्ये ते ७२ टक्क्यांच्या घरात होतं. नागपुरात मतदार साधारण २२ लाख होते, म्हणजे दहा लाखांच्या आसपास लोकांचं मत पडलंच नाही. पहिल्या दोन उमेदवारांतलं अंतर होतं सुमारे १ लाख ३७ हजार. हे दहा लाख लोक सगळे आळशी होते असं मला वाटत नाही. कुणाचं नाव जुन्या वस्तीत राहिलं, कुणाला पाळीतून सुटी मिळाली नाही, कुणी पुण्याहून येऊ शकलं नाही, तर कुणी ठरवून घरी बसलं. या प्रत्येकासाठी वेगळं काम आहे, आणि ते योग्य वेळी केलं तरच उपयोग होतो.

## टप्पा १ : यादीत नाव शोधा, आणि नीट शोधा

हे काम निवडणूक जाहीर होण्याची वाट न पाहता करायचं. वर्षातून एकदा, आणि घर बदललं असेल तर लगेच.

पहिली गोष्ट मनात पक्की करा: मतदान होतं ते यादीतल्या नावावर. मतदार ओळखपत्र ही फक्त तुमची ओळख आहे. कार्ड आहे पण यादीत नाव नाही, तर मत देता येत नाही. उलट यादीत नाव आहे आणि कार्ड हरवलंय, तर आधार, पॅन, वाहन परवाना, पासपोर्ट, फोटो असलेलं बँकेचं किंवा पोस्टाचं पासबुक, फोटो असलेली पेन्शनची कागदपत्रं, मनरेगाचं जॉबकार्ड, दिव्यांगांचं यूडीआयडी कार्ड अशा निवडणूक आयोगाने मान्य केलेल्या पुराव्यांपैकी एक चालतो. नागपुरात बहुतेकांच्या डोक्यात हे बरोबर उलटं बसलेलं असतं.

निवडणूक आयोगाच्या मतदार सेवा पोर्टलवर तीन प्रकारे शोधता येतं: ओळखपत्राचा क्रमांक टाकून, नाव-वय-जिल्हा भरून, किंवा नोंदवलेल्या मोबाइल क्रमांकावरून. सुरुवात ओळखपत्राच्या क्रमांकापासून करा. तीन अक्षरं आणि सात अंक असा तो असतो. नावावरून शोधायला गेलात की आपल्याकडे हमखास घोटाळा होतो. वानखेडे की वानखडे, ठाकरे की ठाकरें, मेश्राम की मेर्शाम, यादी टाइप करणाऱ्याने काय टाइप केलंय ते तुम्हाला माहीत नसतं. लग्न झालेल्या बाईचं नाव माहेरच्या आडनावाने माहेरच्या वस्तीत राहिलेलं असू शकतं. म्हणून "नाव सापडत नाही" असं ठरवण्याआधी नावाची दोन-तीन रूपं, वडिलांचं नाव, नवऱ्याचं नाव असं सगळं टाकून पाहा. इंटरनेटशी जमत नसेल तर १९५० या क्रमांकावर फोन करा.

सापडलं की तीन गोष्टी लिहून घ्या: विधानसभा मतदारसंघ, यादी भाग क्रमांक आणि त्या भागातला अनुक्रमांक. मतदान केंद्रावर टेबलावरचा माणूस याच आकड्यांवरून तुमचं नाव काढतो.

तपासा: घरातल्या प्रत्येकाचं नाव वेगवेगळं शोधा. एकाच घरातला बाप एका भागात आणि पोरगी दुसऱ्या भागात, असं सर्रास होतं. "बाबाचं नाव आहे म्हणजे आपलंही असेल" यावर विसंबू नका.

सावधान: गेल्या निवडणुकीत मत दिलं होतं म्हणजे याही वेळी नाव असेलच असं नाही. याद्यांचं पुनरीक्षण होतं. तुम्ही पत्त्यावर आढळला नाहीत तर नाव वगळण्याची नोटीस जुन्याच पत्त्यावर जाते, आणि तिथे ती घ्यायला कुणी नसतं.

## टप्पा २ : फॉर्म कोणता, ते आधी ठरवा

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं.

फॉर्म ६ फक्त पहिल्यांदा नाव नोंदवणाऱ्यासाठी आहे. वय १८ पूर्ण झालंय का हे पाहायच्या तारखा वर्षातून चार असतात: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. सतरा पूर्ण झालेल्या मुलामुलींना आगाऊ अर्ज करता येतो. वय भरलं की पुढच्या तारखेला नाव चढतं. बारावीतल्या मुलाचा अर्ज आत्ताच भरून टाका.

फॉर्म ८ बाकी जवळजवळ सगळ्यासाठी: पत्ता बदलला, नाव-वय-फोटोत दुरुस्ती हवी, कार्ड हरवलं, दिव्यांग म्हणून नोंद हवी. पूर्वी दुसऱ्या मतदारसंघात राहायला गेलं की नव्याने फॉर्म ६ भरावा लागायचा. १ ऑगस्ट २०२२ पासून ते बंद झालं. आता मतदारसंघातल्या मतदारसंघात जा किंवा बाहेर जा, फॉर्म ८ च लागतो. तरी सेतू केंद्रावर, झेरॉक्सच्या दुकानात, ओळखीच्या कार्यकर्त्याकडे अजून जुनाच सल्ला मिळतो: "सहा नंबर भरून द्या."

त्याचा परिणाम असा होतो. फॉर्म ६ मध्ये तुम्ही लिहून देता की माझं नाव कुठल्याही यादीत नाही. ते खोटं ठरतं. खोटी घोषणा हा गुन्हा आहे, आणि दोन ठिकाणी नाव ठेवायलाही कायद्याने मनाई आहे. शिवाय पुढे दुबार नावांची छाननी झाली की कुठलं नाव उडेल हे तुमच्या हातात राहत नाही.

फॉर्म ७ नाव वगळण्यासाठी. घरात कुणी वारलं असेल तर तो भरून द्या. हे काम कुणाला सुचत नाही, पण मेलेल्या माणसाचं नाव यादीत राहणं म्हणजे बोगस मतदानाला उघडं दार.

कागदपत्रं साधी आहेत. वयासाठी जन्मदाखला, दहावी-बारावीचं प्रमाणपत्र, पॅन किंवा आधार. पत्त्यासाठी किमान वर्षभराचं वीज, पाणी किंवा गॅसचं बिल, पासबुक, नोंदणीकृत भाडेकरार. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यांची इथे अडचण होते, कारण महावितरणचं बिल मालकाच्या नावावर असतं आणि करार साध्या मुद्रांकावर. अशांनी बँकेत पत्ता बदलून पासबुक आधी करून घ्यावं, मग अर्ज करावा.

शहराच्या कडेला राहणाऱ्यांसाठी: नागपूर लोकसभेत विधानसभेचे सहा मतदारसंघ येतात: दक्षिण-पश्चिम, दक्षिण, पूर्व, मध्य, पश्चिम आणि उत्तर. हिंगणा आणि कामठी शहराला लागून असले तरी ते रामटेक लोकसभेत आहेत. महालातून वाडीला राहायला गेलेल्या माणसाची विधानसभाच काय, लोकसभाही बदलते. "नागपूरच तं आहे" म्हणून पत्ता न बदलणाऱ्याला मतदानाच्या दिवशी परत महालात जावं लागतं, आणि तो बहुधा जात नाही.

मुदत: उमेदवारी अर्ज भरायच्या शेवटच्या तारखेनंतर यादीत नाव चढत नाही. हरकतीसाठी काही दिवस सोडावे लागतात, म्हणून त्या तारखेच्या किमान दहा दिवस आधी अर्ज पोहोचायला हवा. निवडणूक जाहीर झाल्यावर जागे झालात तर हातात जेमतेम काही दिवस उरतात.

## टप्पा ३ : अर्ज भरला म्हणजे काम झालं नाही

अर्ज केला की संदर्भ क्रमांक मिळतो. तो जपून ठेवा आणि आठवड्याने एकदा स्थिती पाहा. अर्ज बीएलओकडे जातो, म्हणजे तुमच्या केंद्राच्या यादीची जबाबदारी असलेल्या माणसाकडे. ती बहुधा अंगणवाडी सेविका किंवा शिक्षक असते. आपलं काम सांभाळून, तळपत्या उन्हात घरोघर फिरते. घराला कुलूप दिसलं की शेजारी विचारते. शेजारची काकू सहज म्हणते, "ते तं गेले जी पोरीकडे, आता नाही राहत इथं." काकूचा हेतू वाईट नसतो, पण तेवढ्या एका वाक्यावर शेरा पडू शकतो.

म्हणून शेजाऱ्याला सांगून ठेवा, फ्लॅट असेल तर चौकीदारालाही. दारावर नावाची पाटी लावा. बीएलओचं नाव आणि नंबर पोर्टलवर मिळतो. एक फोन करून "मी अमुक वेळी घरी असते" एवढं कळवलं तर तिचेही हेलपाटे वाचतात.

तपासा: अर्ज मंजूर झाला असं दिसलं तरी पुन्हा पहिल्या टप्प्यावर जा आणि यादीत नाव डोळ्यांनी पाहा.

## टप्पा ४ : महापालिकेची यादी वेगळी पाहा

महापालिका आणि जिल्हा परिषदेच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो. तो विधानसभेचीच यादी घेतो, पण एका ठरावीक तारखेची, आणि ती प्रभागांत फोडतो. १५ जानेवारी २०२६ च्या महापालिका निवडणुकीसाठी १ जुलै २०२५ ची यादी धरली होती. त्यानंतर नाव नोंदवलेल्यांना विधानसभेच्या यादीत असूनही त्या निवडणुकीत मत देता आलं नसतं.

यादी फोडताना सीमेवरच्या गल्ल्या शेजारच्या प्रभागात जाऊ शकतात. त्यासाठीच प्रारूप यादी लागते आणि हरकती मागवतात. ती मुदत थोड्या दिवसांची असते. वर्तमानपत्रात "प्रारूप मतदार यादी" हे शब्द दिसले की त्याच दिवशी आपलं नाव कुठल्या प्रभागात गेलंय ते बघा.

## टप्पा ५ : पुण्यातली पोरं, पाळीवरचे कामगार, घरातले म्हातारे

नोकरीसाठी पुण्याला किंवा हैदराबादला असलेल्यांनी एक ठरवून टाकावं. जिथे सर्वसाधारणपणे राहता तिथे नाव असावं, हे कायद्याचं सूत्र आहे. नागपुरात नुसतं घर नावावर आहे म्हणून इथले मतदार ठरत नाही. थोड्या काळासाठी बाहेर गेलात तर इथला हक्क जातही नाही. वसतिगृहातल्या विद्यार्थ्याला घरचा किंवा वसतिगृहाचा पत्ता, दोन्हींपैकी एक निवडता येतो. माझं मत विचाराल तर पाच वर्षं पुण्यात काढून दर निवडणुकीला "या खेपी सुटी नाही" म्हणणाऱ्याने फॉर्म ८ भरून पुण्यात मत द्यावं. इथे मत न देणाऱ्यांच्या यादीत नाव ठेवण्यापेक्षा ते खूप बरं. यायचंच असेल तर २०२४ मध्ये लोकसभेची घोषणा १६ मार्चला आणि नागपूरचं मतदान १९ एप्रिलला होतं, एवढं अंतर धरून चला. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. म्हणजे तारीख कळते तेव्हा निम्मी गाडी भरलेली असते, त्यामुळे घोषणेच्या दिवशीच तिकीट काढा.

बुटीबोरी किंवा हिंगणा एमआयडीसीत पाळीवर असाल, कळमन्यात हमाली करत असाल, दुकानात कामाला असाल, तर मतदानाच्या दिवशी भरपगारी सुटी हा तुमचा कायदेशीर हक्क आहे. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १३५ब मध्ये तो आहे आणि रोजंदारीवाल्यांनाही लागू आहे. ज्यांच्या गैरहजेरीने धोका किंवा मोठं नुकसान होईल अशाच कामांना त्यातून सूट आहे. मालकाला आदल्या आठवड्यात सांगा. घरी धुणीभांडी करायला येणाऱ्या बाईला आपणही त्या दिवशी पैसे न कापता सुटी द्यायची, हे सांगावं लागू नये, पण सांगते.

घरात ८५ वर्षांवरचं कुणी असेल किंवा ४० टक्क्यांहून कमी नाही इतकं अपंगत्व असलेलं कुणी असेल, तर लोकसभा-विधानसभेसाठी घरून मतदानाची सोय आहे. त्यासाठी फॉर्म १२ड भरावा लागतो. अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांत. बहुतेक कुटुंबं इथेच चुकतात, कारण त्यांना वाटतं मतदानाच्या आदल्या दिवशी कुणीतरी येईल.

सावधान: घरून मतदान मंजूर झालं की त्या माणसाला केंद्रावर जाऊन मत देता येत नाही. आजी चालती-फिरती आहे आणि तिला रांगेत उभं राहून मत द्यायचंय, तर तिला विचारूनच फॉर्म भरा.

## टप्पा ६ : उमेदवार वाचून घ्या

उमेदवाराने भरलेलं शपथपत्र आयोगाच्या संकेतस्थळावर असतं. मालमत्ता, देणी, शिक्षण, गुन्हे, सगळं त्यात असतं. अर्धा तास पुरतो. मतासाठी पैसे किंवा वस्तू देणारा गुन्हेगार आहे तसा घेणाराही आहे. वाटप दिसलं तर लोकसभा-विधानसभेच्या काळात आयोगाच्या सी-व्हिजिल अ‍ॅपवर फोटोसह तक्रार करता येते.

## टप्पा ७ : केंद्रावर

लोकसभा एप्रिलमध्ये येते. नागपुरात तेव्हा दहा वाजताच डोकं तापतं. सकाळी सातला मतदान सुरू होतं, नऊच्या आत जाऊन या. "संध्याकाळी पाहू" म्हणणाऱ्यांचं अर्धं मतदान बुडतं. संध्याकाळी उशीर झालाच तर एक लक्षात ठेवा: वेळ संपताना जो रांगेत उभा आहे त्याला चिठ्ठी देतात आणि त्याचं मत घेतातच. रांग पाहून परत फिरू नका.

सोबत न्या: मूळ ओळखपत्र किंवा चालणाऱ्या पुराव्यांपैकी एक, आणि लिहून ठेवलेले तीन आकडे. घरी आलेली मतदार चिठ्ठी एकटी ओळख म्हणून चालत नाही. मोबाइल घरीच राहू द्या.

आत क्रम असा असतो. पहिला अधिकारी यादीत नाव काढून मोठ्याने वाचतो. पक्षांचे प्रतिनिधी ते ऐकतात. दुसरा डाव्या हाताच्या तर्जनीला शाई लावतो, रजिस्टरवर सही घेतो आणि चिठ्ठी देतो. तिसरा चिठ्ठी घेऊन यंत्र सुरू करतो. मग आडोशाच्या मागे तुम्ही एकटे. बटण दाबल्यावर शेजारच्या व्हीव्हीपॅट या चिठ्ठी छापणाऱ्या यंत्राच्या काचेत चिठ्ठी सात सेकंद दिसते, त्यावर नाव, क्रमांक, चिन्ह असतं. ती पाहा. लांब बीप वाजला की मत नोंदलं.

महापालिकेत हा क्रम वेगळा आहे. नागपुरात १५१ नगरसेवक आणि ३८ प्रभाग: सदतीस प्रभागांत चार-चार, एकात तीन. म्हणजे बहुतेकांना चार मतं द्यायची असतात, अ, ब, क आणि ड या जागांसाठी एकेक. मतपत्रिकांचे रंग वेगळे असतात. एकच बटण दाबून बाहेर पडू नका. सगळ्या जागांची बटणं दाबल्यावरच शेवटचा बीप वाजतो. एखाद्या जागेवर कुणीच पसंत नसेल तर तिथे नोटा, म्हणजे 'यांपैकी कुणीही नाही' हे बटण दाबा. या निवडणुकीत व्हीव्हीपॅट नसतं, त्यामुळे चिठ्ठी दिसली नाही म्हणून गोंधळू नका.

## टप्पा ८ : काही बिनसलं तर

तुमच्या नावावर आधीच कुणी मत देऊन गेलंय. परत जाऊ नका. केंद्राध्यक्षाला सांगा. ते ओळखीचे प्रश्न विचारतील आणि खात्री पटली तर तुम्हाला यंत्रावर नाही, कागदी मतपत्रिकेवर मत देऊ देतील. त्याला प्रदत्त मत म्हणतात. ते पाकिटात वेगळं ठेवतात, नेहमीच्या मोजणीत धरत नाहीत. निकाल कोर्टात गेला तर त्याला किंमत येते, आणि तुमच्या नावावर बोगस मत पडल्याची लेखी नोंद तिथल्या तिथे होते.

एखादा प्रतिनिधी म्हणतो, "हा तो माणूस नाही." त्याला दोन रुपये भरून आक्षेप घ्यावा लागतो. केंद्राध्यक्ष चौकशी करतात. शांतपणे पुरावा दाखवा.

काचेत भलतंच नाव दिसलं. आडोशातून ओरडत बाहेर येऊ नका. केंद्राध्यक्षाकडे लेखी तक्रार देता येते, मग त्यांच्यासमोर चाचणी मत घेतलं जातं. तक्रार खोटी निघाली तर शिक्षा होऊ शकते, म्हणून नीट पाहिलं असेल तरच द्या.

नावच नाही. आजूबाजूच्या भागांच्या याद्याही तपासायला सांगा. तरी नसेल तर त्या दिवशी काही होणार नाही. नाव वगळलंय की दुसरीकडे गेलंय, एवढं बीएलओकडून समजून घ्या. कोणता फॉर्म भरायचा ते त्यावर ठरतं.

## टप्पा ९ : कुणालाच मत द्यायचं नसेल तर

भारतात मतदान सक्तीचं नाही. घरी बसणं गुन्हा नाही. पण "निषेध म्हणून जात नाही" म्हणणाऱ्यांनी त्या निषेधाचं काय होतं ते पाहावं. केंद्रावरच्या हिशेबात न आलेल्यांचा एकच आकडा असतो. त्यात वारलेले, गाव सोडून गेलेले, तापाने फणफणलेले आणि संतापलेले सगळे एकत्र असतात. कुणालाच तुमचा राग वेगळा काढता येत नाही. किती टक्के लोक आले तरच निवडणूक वैध, असंही आपल्या कायद्यात नाही. जे आले त्यांच्यातून निकाल लागतो.

नोटाचा आकडा मात्र वेगळा मोजतात आणि निकालपत्रात छापतात. सर्वोच्च न्यायालयाच्या २७ सप्टेंबर २०१३ च्या निकालाने हे बटण आलं. त्याआधी मत द्यायचं नसेल तर रजिस्टरवर सही करून तसं लिहून द्यावं लागायचं, आणि सगळ्यांसमोर उघड व्हायचं. लोकसभा-विधानसभेत नोटाला कितीही मतं पडली तरी उमेदवारांत ज्याला जास्त मतं, तोच निवडून येतो. ही मर्यादा माहीत असू द्या. स्थानिक निवडणुकांसाठी महाराष्ट्राच्या राज्य निवडणूक आयोगाने २०१८ मध्ये एक पाऊल पुढे टाकलं: नोटाला सगळ्यांहून जास्त मतं पडली तर त्या जागेसाठी एकदा पुन्हा निवडणूक. तेव्हा वस्तीत पाणी-रस्त्याचा राग असेल आणि बहिष्काराचं ठरत असेल, तर बैठकीत हे दोन्ही नियम आधी वाचून दाखवा आणि मग ठरवा.

## टप्पा १० : पदवीधर असाल तर आणखी एक यादी

विधान परिषदेच्या नागपूर विभाग पदवीधर मतदारसंघात नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली हे सहा जिल्हे येतात. मागची निवडणूक डिसेंबर २०२० मध्ये झाली, आणि सदस्याची मुदत सहा वर्षांची असते. नेहमीच्या यादीतलं नाव इथे चालत नाही. यादी दर वेळी कोरी करून नव्याने बनते, म्हणून गेल्या खेपेला मत दिलेल्यांनाही पुन्हा फॉर्म १८ भरावा लागतो. सोबत पदवीची साक्षांकित प्रत जोडा. १ नोव्हेंबर ही तारीख धरून त्याआधी किमान तीन वर्षं पदवी मिळालेली असावी.

इथे यंत्र नसतं, कागदाची मतपत्रिका असते. पहिल्या पसंतीच्या उमेदवारापुढे १ हा आकडा लिहा, हवं तर पुढे २, ३. तोही केंद्रावर दिलेल्या पेनानेच. १ हा आकडा दोन नावांपुढे लिहिला, बरोबरची खूण केली किंवा मतपत्रिकेवर सही केली, तर मत बाद होतं.